कंदिलाचा बर्नर : एक छोटासा अभ्यास

होस्टेलमध्ये माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. बाकीचे मला ‘कबाडी’ म्हणतात. कारण काय, तर माझ्या कॉटखाली ट्रंकेच्या जागी कंदील असतात. आजमितीस एकतीस. त्यातले धड चालू स्थितीतले फक्त अकरा. बाकी कुणाला काच नाही, कुणाची टाकी गळते, आणि सहा तर नुसतेच बर्नर आहेत, खाली दिवा नाही की वर काच नाही. “एल.ई.डी.च्या जमान्यात हे काय रे?” या प्रश्नाला मेसच्या रांगेत उभ्या उभ्या उत्तर देऊन आता कंटाळा आला. शिवाय मॅगझिनच्या संपादकांनी “मराठी विभागात कवितांची भाऊगर्दी झाली आहे, काहीतरी अभ्यासाचं दे” असा आग्रह धरला. म्हणून हा लेख.

मित्रांनो, आधी एक साधा प्रश्न. देवघरातल्या समईत गोडेतेल टाकून दिवा लावतो, तो शांत जळतो. त्याच समईत रॉकेल टाकलं तर काय होईल? (करून पाहू नका, रेक्टर सरांना उत्तर मला द्यावं लागेल!) ज्योत भडकेल, लाल-पिवळी होईल, काळा धूर सोडेल, आणि थोड्या वेळात समईच गरम होऊन सगळ्या तेलाची वाफ पेट घेण्याची वेळ येईल. तेल तेच काम करतं, वात तीच, मग बिघडतं कुठे? या एका प्रश्नाच्या उत्तरात कंदिलाचं सगळं इंजिनिअरिंग आलं.

गोडेतेल, करंजीचं तेल किंवा आमच्या भागातलं मोहाच्या बियांचं तेल हे घट्ट असतं. वातीतून ते फार वर चढत नाही, म्हणून जुन्या दिव्यांत तेलाची पातळी ज्योतीच्या अगदी जवळ ठेवावी लागते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर लामणदिवे, समया, हातदिवे यांचा थाट पाहा. आकार शेकडो, पण तत्त्व एकच : उथळ वाटी आणि काठावर वात. दिनकर गंगाधर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्य घालवून हा संग्रह जमवला. माझ्यासारख्याने त्यांचं नाव घेणं म्हणजे काजव्याने सूर्याचं नाव घेणं, पण घेतो.

रॉकेल याच्या उलट. ते पातळ, वातीतून भराभर वर चढणारं आणि लवकर वाफ होणारं. त्याला जळायला हवा मात्र भरपूर लागते. एक किलो रॉकेलला साधारण पंधरा किलो हवा! म्हणजे तेलाला ज्योतीपासून दूर ठेवायचं आणि हवेला ज्योतीजवळ ओढून आणायचं, अशी दोन कामं एकाच वेळी करणारा भाग हवा. तो भाग म्हणजे बर्नर. कंदिलाची किंमत लोक काचेवरून, रंगावरून, वजनावरून करतात. माझ्या मते कंदील म्हणजे त्याचा बर्नर, बाकी सगळं डबा.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय हातात आलेली वस्तू ओळखता येत नाही. गंमत म्हणजे चांगला बर्नर आधी आला आणि रॉकेल नंतर. एमे आर्गां नावाच्या स्विस माणसाने १७८० मध्ये पोकळ, गोल वात शोधून काढली. नळीसारखी वात, तिच्या आतूनही हवा आणि बाहेरूनही हवा, आणि वर उंच चिमणी. तोपर्यंत दिव्याची वात म्हणजे कापसाचा पीळ. त्याच्या मध्यभागी हवा पोचायचीच नाही. आर्गांचा दिवा मात्र वनस्पतीच्या नाहीतर देवमाशाच्या घट्ट तेलावर चालायचा. पुढे १८४६ मध्ये कॅनडात अब्राहम गेस्नरने दगडी कोळशासारख्या पदार्थातून एक पातळ तेल काढून दाखवलं आणि पुढे त्याला ‘केरोसिन’ हे नाव दिलं. १८५३ मध्ये इग्नात्सी लुकासिएविच या औषधविक्रेत्याने खनिज तेल शुद्ध करून दिवा केला, आणि त्याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री ल्वुव शहराच्या इस्पितळात त्या दिव्यांच्या उजेडात एक तातडीची शस्त्रक्रिया झाली. १८५९ मध्ये अमेरिकेत ड्रेकची तेलविहीर लागली, तेल स्वस्त झालं आणि मग बर्नर बनवणाऱ्यांची जणू जत्राच भरली.

आपल्याकडे हे तेल आलं ते पत्र्याच्या डब्यांतून. त्याला आम्ही घरी मातीचं तेल म्हणतो, बाजारात घासलेट, रेशन कार्डावर केरोसिन आणि पुस्तकात रॉकेल. एका वस्तूला चार नावं पडली यावरूनच ती किती घरांत शिरली होती ते कळतं.

आता बर्नर उघडू. समोर एखादा साधा चपट्या वातीचा बर्नर आहे असं समजा. खाली आटे, ते टाकीच्या गळ्यात बसतात. मधे चपटी नळी, तिच्यातून वात जाते. बाजूला किल्ली, ती फिरवली की आतली दोन-चार दातेरी चाकं वातीला टोचून वर-खाली करतात. भोवती जाळी, म्हणजे हवेचा दरवाजा. आणि वर घुमटासारखी टोपी, तिला मधोमध एक लांबट फट. ज्योत त्या फटीतून बाहेर येते. नवशिक्या माणसाला ही टोपी शोभेची वाटते आणि तो ती काढून टाकतो. खरं तर सगळी करामत त्या टोपीचीच आहे. जाळीतून वर आलेली हवा तिच्या उतारावरून घसरून दोन्ही बाजूंनी ज्योतीच्या मुळावर आदळते. टोपी काढा, तोच दिवा धूर ओकायला लागतो.

हवेला वर ओढणारी शक्ती कुठून येते? तर काचेच्या चिमणीतून. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ड्राफ्टचं सूत्र आहे, ते मी एका रात्री कंदिलाला लावून पाहिलं. चिमणीची उंची २० से.मी. धरा. बाहेरची हवा २७ अंश सेल्सिअसला, घनता सुमारे १.१८ किलो प्रति घनमीटर. आतली हवा ३०० अंशाला धरली तर घनता सुमारे ०.६२. फरक ०.५६, त्याला ९.८ ने आणि ०.२ ने गुणा. उत्तर येतं १.१ पास्कल. म्हणजे पाण्याच्या स्तंभाचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर! एवढ्याशा दाबावर, घर्षण सोडून दिलं तर, चिमणीतल्या हवेला सेकंदाला दोन मीटरच्या जवळपास वेग मिळतो. फॅन नाही, मोटर नाही, ज्योत स्वतःच स्वतःला वारा घालते. थर्मलच्या पेपरात हा प्रश्न कधी विचारला नाही, विचारायला हवा.

गोल वातीच्या बर्नरमध्ये जर्मन लोकांनी भलतीच हुशारी केली. आर्गांची वात विणतानाच नळीसारखी विणावी लागायची, महाग पडायची. बर्लिनच्या ‘विल्ड उंड वेसेल’ कंपनीने ‘कॉसमॉस’ नावाचा बर्नर केला, त्यात खालून साधी चपटी, रुंद वात घालायची. वर जाता जाता ती नळीवर गुंडाळली जाते आणि तोंडाशी आल्यावर पूर्ण गोल होते. चपट्या वातीची किंमत आणि गोल वातीचा उजेड! याची चिमणी बाटलीच्या गळ्यासारखी मधेच आवळलेली असते. त्या आवळण्यामुळे हवा ज्योतीवर दाबली जाते. हे बर्नर ‘लिन्य’ या जुन्या फ्रेंच मापात विकले जात. एक लिन्य म्हणजे २.२५६ मि.मी. आकडा ६, ८, १०, १४ असा असतो आणि त्या आकड्यावरून कोणती वात आणि कोणती काच लागणार हे ठरतं. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या हिंक्सने १८६५ मध्ये एकाशेजारी एक दोन चपट्या वातींचा ‘ड्युप्लेक्स’ बर्नर आणला. दोन ज्योती एकमेकींना तापवतात, उजेड वाढतो. त्याला दोन किल्ल्या असतात. जुन्या पितळी टेबललॅम्पवर दोन किल्ल्या दिसल्या की समजावं. अमेरिकन बर्नरची मापं इंचातली. नंबर १ ची वात पाच अष्टमांश इंच, नंबर २ ची एक इंच. आटे तिघांचे तीन तऱ्हेचे. म्हणून एकाचा बर्नर दुसऱ्याच्या टाकीवर बसत नाही, आणि कुणी ठोकून बसवला असेल तर गळ्याकडे पाहिल्याबरोबर लक्षात येतं.

पण हे सगळे घरात, टेबलावर ठेवायचे दिवे. वाऱ्यात नेले की विझणार. आपण ज्याला कंदील म्हणतो तो वेगळा प्राणी आहे. त्याच्या दोन बाजूंच्या पोकळ नळ्या पाहिल्या आहेत ना? बहुतेक लोकांना वाटतं त्या धरायला किंवा मजबुतीसाठी आहेत. त्या हवेच्या नळ्या आहेत! अमेरिकेतल्या जॉन आयर्विनने १८६० च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली. वारा वरून आला तर नळ्यांवर आणि धुराच्या तोंडावर सारखाच दाब पडतो, दोन्हीकडचा दाब एकमेकांना खाऊन टाकतो आणि ज्योतीला काही कळतच नाही. पहिल्या प्रकारात काचेतून वर आलेली गरम, वापरलेली हवाच थोड्या ताज्या हवेबरोबर नळ्यांतून परत खाली यायची. त्याला ‘हॉट ब्लास्ट’ म्हणतात. १८७० च्या दशकात त्याने सुधारणा केली : धूर मधल्या धुराड्यातून थेट बाहेर, आणि नळ्यांत फक्त बाहेरची ताजी हवा. हा ‘कोल्ड ब्लास्ट’. ऑक्सिजन जास्त, ज्योत पांढरी, उजेड बराच जास्त. हे कंदील डिट्झ कंपनीने जगभर विकले, नंतर जर्मनीच्या ‘फॉयरहँड’ने. ओळखायची खूण सोपी आहे. वरच्या टोपाखाली नळ्यांची तोंडं धुराड्याच्या बाहेरून हवा घेतात तो कोल्ड ब्लास्ट. नळ्या वर जाऊन काचेच्या बरोबर डोक्यावर एकत्र मिळतात तो हॉट ब्लास्ट. आमच्या जिल्ह्यात मला हॉट ब्लास्ट आतापर्यंत दोनच सापडले, बाकी सगळे कोल्ड.

आता स्वदेशीची गोष्ट. कंदिलातला पत्रा वाकवणं आपल्याला जमण्यासारखं होतं, काच हा खरा अडथळा होता. लोकमान्य टिळकांच्या काळात अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी एक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्यानंतर १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या मदतीने ओगले ग्लास वर्क्स सुरू केलं. ती जागा आज ओगलेवाडी म्हणूनच ओळखली जाते. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली. पण आमच्या आजीच्या पिढीला विचारा, कंदील म्हटलं की ‘प्रभाकर’ हेच नाव निघतं. माझ्याकडे त्याचे तीन आहेत, तिन्हींचे बर्नर मूळचे. पत्रा जर्मन कंदिलापेक्षा जाड, किल्ली जरा ओबडधोबड, पण दातेरी चाकं अजून वात धरतात.

आणि गोंदियात कंदील आले कुठून? तर मुख्यतः रेल्वेमुळे. गोंदिया हे बंगाल नागपूर रेल्वेचं जंक्शन. इथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे ७६२ मि.मी. रुंदीची छोटी लाइन गेली, ती आता ब्रॉडगेज झाली आहे. गार्डच्या हातातली लाल-हिरवी-पांढरी फिरणारी हातबत्ती, सिग्नलच्या खांबावरचा दिवा, स्टेशनातला टांगता दिवा, सगळं रॉकेलवर. त्या दिव्यांवर ‘बी.एन.आर.’ असा ठसा असतो. संग्रह करणाऱ्याला हा ठसा म्हणजे जन्मदाखलाच. कंपनी १८८७ मध्ये निघाली, १९४४ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, १९५२ मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी झाली आणि २००३ मध्ये आपली दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. म्हणजे ‘बी.एन.आर.’ दिसलं की वस्तू १९५२ च्या आधीची, ‘एस.ई.आर.’ दिसलं की १९५५ च्या नंतरची. मात्र सांभाळून! रेल्वेचा माल बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावाची पावती किंवा विकणाऱ्याकडचा काही कागद असल्याशिवाय मी रेल्वेचा दिवा घेत नाही, कितीही स्वस्त असो.

इतर ठशांचंही असंच वाचन करता येतं. ‘मेड इन जर्मनी’ असं लिहिण्याची पद्धत १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर पडली. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ ते १९९० च्या मधला. फॉयरहँडचा छोटा ‘२७६’ नंबरचा कंदील १९३० च्या दशकापासूनचा. त्याच्या काचेवर कधी कधी ‘येना’ असं कोरलेलं असतं. येना म्हणजे ओटो शॉटची काच. साधी काच तापली की जेवढी फुगते, त्याच्या जवळजवळ एक तृतीयांशच ही फुगते. म्हणून गरम काचेवर पावसाचा थेंब पडला तरी तडकत नाही. आणि ठसा शोधायचा पहिला ठिकाणा म्हणजे वातीची किल्ली. लोक टाकी पाहतात, काच पाहतात, आणि किल्लीवरचं इवलंसं नाव काजळीखाली तसंच राहतं.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात नवेगावबांधच्या बाजूला एका गावी मी गेलो होतो. दूरच्या नात्यातल्या एका आजीकडे कंदील आहे असं कळलं होतं. खुंटीला टांगलेला ‘प्रभाकर’, हिरवा रंग उडालेला. तिचा नवरा तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना सोडायचं काम करायचा. रात्री-बेरात्री, पाऊस असला तरी तलावाच्या पाळीवरून जायचं. मी कंदील खाली काढून बर्नर उघडला तशी ती म्हणाली, “नेऊन का करशीन रे बापू त्याले?” मी म्हटलं, “आजी, अभ्यास करतो.” त्यावर ती खूप हसली. मग हळूहळू सांगायला लागली. “तीन पावलं दिसे समोरचं. तेवढंच पुरे. साप दिसला पायजे, बस. वाऱ्यापाण्यात कधी इझला नाही.” वाऱ्यात का विझला नाही हे मी तिला त्या दोन नळ्या दाखवून समजावलं. ती म्हणाली, “मले काय मालूम, मी त्याले धरून उचलत होतो.”

पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत आणि कंदीलही दिला नाही. मी वात नवी घातली, चाकं साफ केली, टाकीचं भोक बुजवलं, लावून दाखवला आणि परत खुंटीला टांगला. वहीत मापं लिहून घेतली, किल्लीवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा उतरवून घेतला. दुसऱ्या वर्षी गेलो तेव्हा आजी नव्हती आणि खुंटीही रिकामी होती. घर आवरताना सगळं लोखंड एकत्र किलोवर गेलं म्हणे. मित्र म्हणतात, तू तेव्हाच घेऊन यायचा होतास. मला तसं वाटत नाही. तिच्या खुंटीवरून तो काढायचा हक्क मला नव्हता. पण तेव्हापासून मी एक नियम केला आहे : वस्तू मिळो न मिळो, माप, ठसा, फोटो आणि वापरणाऱ्याने सांगितलेलं वाक्य, एवढं वहीत आलंच पाहिजे. माझ्या वहीत आज एकतीस नव्हे, चौऱ्याहत्तर कंदील आहेत.

कबाडीच्या दुकानाचं गणित वेगळं असतं. लोखंडी कंदिलाला तो भाव देत नाही, पण पितळी बर्नर वेगळा काढून ठेवतो. पितळ वितळवलं जातं. भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच प्रसिद्ध. म्हणजे सगळ्यात आधी नाहीसा होतो तो बर्नरच! बर्नर गेलेले कंदील मग हॉटेलवाले घेतात, रंग मारून आत बल्ब लावतात. मला त्याचा राग येत नाही, निदान डबा तरी वाचतो. पण वायर घालायला टाकीला भोक पाडतात ते मात्र पाहवत नाही.

साफसफाईबद्दल थोडं. चिंच, लिंबू, राख घेऊन घासायला बसू नका. भांडं चकचकीत होतं आणि ठसा पुसला जातो. पितळी बर्नर धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात अर्धा तास उकळा, जुन्या टूथब्रशने घासा, पुरे झालं. अडकलेली किल्ली पक्कडीने पिळू नका, आतला दांडा तुटतो. तेलात दोन दिवस बुडवून ठेवा. वात कापताना सरळ कापून दोन्ही कोपरे जरासे उडवा, म्हणजे ज्योतीला शिंगं फुटत नाहीत. टाकीला सोल्डर करायचं असेल तर ती साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुवून, वास पूर्ण गेल्यावरच. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. हे वर्कशॉपमधल्या मित्रांसाठी खास.

धोक्याचा विषय निघालाच आहे तर नीट सांगतो. रॉकेलचा फ्लॅश पॉइंट भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश सेल्सिअस. बाकी देशांत हा आकडा सुरक्षित वाटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, हे प्रत्येक होस्टेलवाल्याने अंगाने अनुभवलं आहे. म्हणजे उन्हाळ्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या तेलावरची वाफ ठिणगीने पेटू शकते. त्यात पेट्रोलची भेसळ असेल तर विचारूच नका. रेशनच्या तेलाला निळा रंग देत, तो भेसळ ओळखता यावी म्हणूनच. मी स्वतः आता बहुतेक वेळा दुकानात मिळणारं द्रव पॅराफिन वापरतो, आणि लावतो ते होस्टेलच्या बाहेर, मोकळ्यावर. खोलीत कधीच नाही. (ही ओळ रेक्टर सरांनी कृपया दोनदा वाचावी.)

कंदिलापेक्षा कितीतरी जास्त माणसं जाळली ती ‘चिमणी’ने, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून केलेल्या उघड्या दिव्याने. तिला ना टोपी, ना काच, ना हवेची वाट. लवंडली की संपलं. श्रीलंकेतले सर्जन विजय गोडाकुंबुरा यांनी जळलेले रुग्ण पाहून पाहून शेवटी स्वतःच एक बुटकी, जड, दोन बाजूंनी चपटी, आट्याचं झाकण असलेली बाटली तयार केली. पडली तरी गडगडत नाही आणि तेल सांडत नाही. १९९८ मध्ये त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. धुराचं म्हणाल तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघड्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या तेलापैकी ७ ते ९ टक्के भाग शुद्ध काजळी होऊन बाहेर पडतो असं आढळलं. झोपडीच्या छताचा काळा रंग आठवा. तेच फुप्फुसात. जुन्या दिव्यांचा मला कितीही लळा असला तरी ‘काय ते दिवस होते’ असं मी म्हणणार नाही. त्या दिवसांत अभ्यास करणाऱ्यांनी सकाळी नाक शिंकरलं की काळं यायचं, हे माझ्या वडिलांनीच सांगितलं आहे.

उजेडाचा हिशेबही करून टाकू. ‘२७६’ कंदिलाच्या टाकीत ३४० मि.ली. तेल मावतं आणि ते वीस तास जळतं, म्हणजे तासाला १७ मि.ली. एक लिटर रॉकेलमध्ये सुमारे ३५ मेगाज्यूल ऊर्जा. हिशेब केला तर कंदील सुमारे १६५ वॅट खातो! उजेड सात-आठ मेणबत्त्यांचा धरा, म्हणजे नव्वद-एक ल्युमेन. वॅटमागे जेमतेम अर्धा ल्युमेन. साधा एल.ई.डी. बल्ब वॅटमागे नव्वद-शंभर देतो. दोनशेपट फरक. बाकीचं सगळं उष्णतेत जातं.

हा फरक कमी करायचा प्रयत्न महाराष्ट्रातही झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘नूरी’ नावाचा मेंटलचा कंदील विकसित केला, खेड्यातल्या माणसाला कमी तेलात बल्बसारखा उजेड मिळावा म्हणून. मेंटलचं तत्त्व ऑस्ट्रियाच्या वेल्सबाखचं, १८८५ चं : ज्योतीचा उजेड घ्यायचाच नाही, ज्योतीने एक जाळी तापवायची आणि जाळीचा उजेड घ्यायचा. तेच तत्त्व बर्लिनच्या पेट्रोमॅक्समध्ये, म्हणजे आपल्या गॅसबत्तीत. झाडीपट्टीतल्या लोकांना गॅसबत्ती वेगळी सांगायला नको. दिवाळीनंतरची मंडई, रात्रभरची दंडार, नाटक, वराती, सगळं तिच्याच फुसफुसाटात. तिच्यात वात नसते, पंप मारून तेलाची वाफ करतात, म्हणून बर्नरचं शास्त्र पूर्ण निराळं आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही बंद.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि परदेशी पाठवता येत नाही, हे नेटवर विकायचे बेत करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

शेवटी एक काम सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा माळ्यावर, धानाच्या कोठीमागे, गोठ्याच्या आढ्याला एकदा नजर टाका. कंदील सापडला तर उचलून आणू नका, घरातल्या मोठ्यांना आधी विचारा तो कुणाचा होता ते. किल्लीवरचं नाव वाचा, वातीची रुंदी मोजा, फोटो काढा आणि मला द्या, वहीत तुमच्या गावाच्या नावाने नोंद होईल. आणि मधे आवळलेली, तळाला ५२-५३ मि.मी. व्यासाची काचेची चिमणी कुणाच्या घरी पडून असेल तर जरूर कळवा. माझा १४ नंबरचा कॉसमॉस बर्नर दीड वर्षापासून तिच्याचसाठी थांबला आहे.